तहान लागायची वाट बघू नका

मैत्रिणींनो, शेतावर आडोसा नसतो म्हणून आपण मुद्दाम पाणी कमी पितो. खरं ना? पण उन्हात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं. मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, लघवी गडद पिवळी होऊन जळजळ होते. म्हणून चार काठ्या आणि जुन्या साडीचा आडोसा करा, पण पाणी टाळू नका.

तहान नसली तरी दर २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. सोबत ताक किंवा पन्हं ठेवा. घाम फार गेला, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडं थोडं प्या. दुपारी १२ ते ३ सावलीत बसा.

सोबतीण असंबद्ध बोलू लागली, अंग तापलं, ती कोसळली, तर तो उष्माघात समजा. तिला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

येत्या बैठकीत एवढं ठरवाच: कामावर जाताना आडोशाची साडी कोण आणणार?