पाऊस पिणारा कुंदा

बेळगाव जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूला आषाढात दारं चौकटीत अडकून बसतात, कपाटं उघडता उघडत नाहीत. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, निपाणीच्या माळावर, उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की तंबाखूचं पान हाताला कुरकुरीत लागतं. लाकूड हवेतलं पाणी पिऊन आडवं फुगतं, उन्हाळ्यात आडवंच आकसतं. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. दाराचा त्रास रंध्याचे दोन हात मारून मिटतो. बंदुकीच्या कुंद्याचं तसं नाही. तिथे कागदाच्या जाडीइतकं लाकूड सरकून नळीला टेकलं, तरी गोळी जागा बदलते.

कुंदा म्हणजे बंदुकीचं लाकडी अंग. कुणी त्याला दस्ताही म्हणतात. मागचं रुंद टोक खांद्याला टेकतं, मधला बारीक भाग मुठीत येतो, पुढच्या भागावर नळी विसावते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शौकाची शिकार संपली आणि घरोघरच्या शिकारी रायफली कपाटात गेल्या. जंगलाकाठच्या गावांत डुकरांपासून पीक राखण्यासाठी परवान्याच्या बंदुका अजून आहेत. निवडणूक आली की त्या जमा कराव्या लागतात, हेही इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. जुनी बंदूक हातात आली, की लोखंडाआधी तिचं लाकूड वय सांगतं: तेल पिऊन काळं पडलेलं, कडा झिजलेलं, मुठीपाशी बारीक तडा गेलेलं.

भारतात परवान्यावर मिळणाऱ्या रायफलींमध्ये .315 ची ओळख जुनी. इंग्रजांच्या काळात फौजेच्या .303 ची काडतुसं सामान्य माणसाला वापरू देत नसत, म्हणून शिकारीसाठी हे वेगळं माप रुळलं. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेल्या .315 ची यंत्रणा मात्र .303 ली-एनफिल्डच्याच घराण्यातली. बेळगावला हे घराणं परकं नाही. इथल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून दुसऱ्या महायुद्धावर गेलेल्या जवानांच्या खांद्यावर .303 च होती.

त्या .303 चा कुंदा दोन तुकड्यांचा: पुढचा वेगळा, मागचा वेगळा. मागचा तुकडा आतून गेलेल्या एका लांब बोल्टने आवळलेला असतो. जुन्या नमुन्यात त्या बोल्टचं चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकतं. पुढचं लाकूड आधी न उतरवता कुणी घाईने बोल्ट फिरवला, की ते टोक फिरतं आणि चांगलं लाकूड आतून फाटतं. किती कुंदे असे अडाणीपणाने गेले असतील! मागचा तुकडा अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या लांबीत मिळे. आखूड हाताच्या जवानाला आखूड, उंचाला लांब. बंदूक माणसाच्या अंगाला कपड्यासारखी बेतायची असते, हे फौजेनेही मानलं होतं.

बसवण्याचं खरं कौशल्य आत, डोळ्याआड असतं. बार उडाला की धक्का मागे येतो आणि लोखंडाचा एक खांदा लाकडावर आदळतो. हा टेकू दोन्ही बाजूंना सारखा बसलेला हवा. एकीकडे टेकला आणि दुसरीकडे केसभर फट राहिली, तर सगळा धक्का एकाच कडेला बसून तिथून चीर निघते. ईशापूरने नंतर पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रूच घातला, तो ही चीर थोपवायला. टेकू जुळवण्याची रीत जुनी आणि साधी आहे. दिव्याची काजळी तेलात कालवून लोखंडाला पुसटशी लावायची, लोखंड खाचेत बसवून उचलायचं. काळा डाग उमटेल तेवढंच लाकूड पटाशीने खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. पन्नास वेळा करावं लागलं तरी करायचं, कारण एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही.

जुन्या कुंद्याला नवी झळाळी देतानाही हेच पथ्य आहे, आणि सगळ्यात जास्त मोडलं जातं तेही हेच. उत्साही माणूस आधी पॉलिशपेपर उचलतो. कडा गोल होतात, कारखान्याचे शिक्के पुसले जातात, लोखंडाच्या पातळीशी जुळलेलं लाकूड खाली बसतं आणि बंदूक कायमची सैल, उसनी दिसू लागते. दबलेल्या जागेवर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली, तर वाफेने लाकडाचे दबलेले तंतू फुगून वर येतात. कितीदा तर खाच घासावी लागतच नाही. मुरलेलं तेल काढायला खडूची पूड द्रावकात कालवून लेप द्यायचा. वाळताना ती तेल ओढून घेते.

मग बेलतेल. सागवानी फर्निचर करणाऱ्या प्रत्येक सुताराच्या ओळखीचं हे उकळलेलं अळशीचं तेल. तळव्याने चोळून, पातळ हात देऊन, दोन हातांमध्ये पुरतं वाळू द्यायचं. पावसाळ्यात ते वाळता वाळत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. तंबाखूची वखार शेजारी असलेल्या निपाणीत तर हे विसरून चालायचंच नाही.

नवा कुंदा घडवायचा तर जगभर पसंती अक्रोडाला. हलका, चिवट, ऋतूंबरोबर कमी हलणारा. आपल्याकडची शिसव देखणी, पण घनमीटरला सुमारे 850 किलो, म्हणजे अक्रोडापेक्षा बरीच जड. तोडायला वनखात्याची परवानगीही लागते. साग तेलकट, त्यामुळे डिंक नीट धरत नाही, आणि रेषेने चिरतो. लाकूड कुठलंही असो, मुठीच्या जागी रेषा सरळ धावली पाहिजे. तिथे ती आडवी गेली, तर बंदूक पहिल्यांदा आपटली की मूठ मोडते. आणि शस्त्र कायदा, 1959 नुसार बंदुकीची दुरुस्ती त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायची असते. गावचा सुतार कितीही हुशार असला, तरी बंदूक त्याच्या दुकानात ठेवून येता येत नाही.

शेवटचा हात लोक बहुधा विसरतात. बाहेर आरशासारखं चमकवतात आणि नळीखालचा पन्हळ, स्क्रूची भोकं, खांद्याकडच्या लोखंडी पट्टीखालचं टोक कोरडंच ठेवतात. लाकडातल्या बारीक नळ्या तिथेच उघड्या पडलेल्या असतात. कणकुंबीचा पाऊस कुंद्यात शिरतो तो तिथून. म्हणून जाणता कारागीर पट्टी उतरवतो आणि पहिलं तेल त्या उघड्या टोकाला पाजतो, ते आणखी पिईनासं होईपर्यंत.