वरोरला घर घेताय? आधी वकील गाठा

वरोरच्या किनाऱ्यावरचं घर पाहताक्षणी मनात भरतं. पण इसार देण्याआधी कागद वकिलाला दाखवा. वरोर ज्या डहाणू तालुक्यात आहे, तो अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही आणि त्या परवानगीला राज्य सरकारची पूर्वमान्यता लागते. सातबारावर आज दिसणारं नाव पुरेसं नसतं; जमीन पूर्वी आदिवासीची असू शकते. म्हणून वकील जुने फेरफार उलगडतो, दुय्यम निबंधक कार्यालयात साधारण 30 वर्षांचा शोध घेतो. बोजा, वारस, कुळाचा हक्क तपासतो. जमीन शेतीची असेल, तर बिगरशेती परवानगी बघतो. किनाऱ्यालगत सीआरझेडचे (किनारी नियमन क्षेत्राचे) नियम आहेत, शिवाय 1991 च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आहे. त्यामुळे बांधकाम परवानगीही पाहावी लागते.

वकील आपला स्वतःचा असावा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्याकडून शोध अहवाल लेखी घ्या. त्याची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते. फसलेल्या व्यवहारात मात्र आयुष्याची पुंजी कोर्टाच्या तारखांत अडकते.