विश्लेषण : ट्रेलर डावीकडे वळताना आधी उजवीकडे का जातो?

चौकात सिग्नल सुटतो. पुढचा कंटेनर ट्रेलर डावा इंडिकेटर देतो आणि चक्क उजवीकडे सरकतो. डावीकडे मोकळी जागा दिसताच मागचा दुचाकीस्वार तिथे घुसतो. उरणच्या जेएनपीए बंदराचा परिसर असो वा चाकणचा औद्योगिक पट्टा, हे दृश्य नेहमीचं आहे. मात्र ती जागा रिकामी नसते. काही सेकंदांत तिथे ट्रेलरची मागची चाकं येणार असतात.

मागची चाकं आत का येतात?

वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता आतून जातात. कारमध्ये हा फरक कमी असतो. ४० फुटी कंटेनर मात्र सुमारे १२ मीटर लांब असतो. समजा, ट्रेलरच्या जोडणीपासून मागच्या चाकांपर्यंतचं अंतर ९ मीटर आहे. जोडणीचा बिंदू १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरत राहिला, तर पायथागोरसच्या प्रमेयानुसार मागची चाकं १२ मीटर त्रिज्येवर येतात. म्हणजे तब्बल ३ मीटर आत! चौकातलं वळण लवकर संपत असल्याने प्रत्यक्षात फरक थोडा कमी पडतो. तरीही दुचाकी चाकाखाली यायला तो पुरेसा आहे. मागची चाकं फुटपाथवर चढू नयेत, म्हणूनच चालक आधी उजवीकडे जातो.

चालकाला दुचाकी दिसत नाही का?

अनेकदा नाही. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने डावी बाजू चालकापासून सर्वात दूर असते. केबिन उंच असल्याने खिडकीखालची दुचाकी झाकली जाते. त्यात केबिन वळली की आरशातलं दृश्यही बदलतं.

चालकांनी काय करावं?

• वळणाच्या बरंच आधी इंडिकेटर द्यावा.
• मागचा भाग डाव्या कडेजवळ ठेवून उजवीकडे शक्य तितकं उशिरा सरकावं. दुचाकीला शिरायला जागाच उरत नाही.
• वेग चालत्या माणसाइतका ठेवावा, डावा आरसा पुन्हा पुन्हा पाहावा.
• क्लीनर असल्यास त्याला डावीकडे लक्ष ठेवायला सांगावं. शंका येताच थांबावं.

दुचाकीस्वारांनी काय करावं?

• इंडिकेटर दिसताच ट्रेलरच्या मागे थांबावं.
• सिग्नलला केबिनच्या अगदी पुढे किंवा डावीकडे चिकटून उभं राहू नये.
• आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असंच समजावं.

ट्रेलर पूर्ण वळायला फार तर अर्धा मिनिट लागतो. तेवढं थांबलेलं बरं.