खडा धरतो कसा?

उन्हाळा तापला, पारा ४५ अंशांकडे सरकला की मलकापुरात ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी मूतखड्याच्या कळांनी हैराण होतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. तोच क्षार शरीराबाहेर वाढवून पाहण्याची एक साधी, कमी खर्चाची रीत आहे.

ऑक्झॅलिक आम्लात सोडियम सिलिकेटचं पातळ द्रावण थेंब थेंब सोडत ढवळायचं. मिश्रण टेस्ट ट्यूबमध्ये भरून स्टँडवर ठेवायचं आणि हात लावायचा नाही. काही दिवसांत ते खरवसासारखं जमून त्याचं जेल होतं. मग पिपेटने, नळीच्या कडेकडेने, कॅल्शियम क्लोराइड सोडायचं. धार थेट पडली तर जेल फाटतं. अंमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात बेरियम ऑक्झलेटचे स्फटिक अगर-अगरच्या जेलमध्ये याच तत्त्वावर वाढवले गेले आहेत.

ऑक्झॅलिक आम्ल आणि कॅल्शियम क्लोराइड बीकरमध्ये एकत्र ओतली तर क्षणात पांढरा गाळ होतो. जेलमध्ये मात्र कॅल्शियमला खाली झिरपत जावं लागतं. दोन्ही द्रावणं जिथे भिडतात तिथे आधी दुधट पट्टा उमटतो. तिथे कणांची गर्दी, म्हणून सगळे बारीक. त्याखाली, जिथे कॅल्शियम बेताबेतानं पोचतं, तिथे सुटे, चकाकणारे कण दिसू लागतात. भिंग लावून पाहावं तर त्यांच्या कडा धारदार, पैलू स्वच्छ. पुरवठा संथ, जागा शांत आणि वेळ भरपूर, एवढ्यावर स्फटिक पोसतो.

मूत्रपिंडात जेल नसतं, पण संथपणा आणि टेकायला जागा तिथेही मिळू शकते. मूत्ररोगतज्ज्ञ अलेक्झांडर रँडल यांनी १९३७ मध्ये दाखवलं, की मूत्रपिंडातल्या पॅपिलांवर, म्हणजे आतल्या निमुळत्या टोकांवर, कॅल्शियमचे चट्टे असतात आणि त्यांना धरून खडा वाढतो. निरोगी माणसाच्या लघवीतही हा क्षार बऱ्याचदा विरघळण्याच्या मर्यादेपलीकडे असतो. तरी खडा धरत नाही, कारण सायट्रेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि वाहती लघवी कणांना टिकू देत नाही.

खड्याच्या भीतीने दूध-दही तोडणं चुकीचं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला अडवतं. खडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं, असं तज्ज्ञ सांगतात. कपाशीच्या शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते जमायचं तर बांधावर पिण्याचं पाणी हवं, आणि ते पोचवणं ही राबवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे.