सावित्रीचा पूर आणि उलटं फिरणारं चिन्ह

महाडजवळचं सावित्रीकाठचं सव हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे ओळखलं जातं. पावसाळ्यात मात्र या टापूचं सारं लक्ष नदीकडे असतं. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघालेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, वाटेत काळ आणि गांधारी तिला मिळतात, आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती पाणी अडवून धरते. जुलै २०२१ चा महापूर इथे कोणी विसरलेलं नाही.

महाडला सावित्रीची धोक्याची पातळी ६.५ मीटर आहे. पाणी नेमकं ६.५ वर आहे का, एवढंच विचारून भागत नाही. त्याच्या वरची प्रत्येक पातळी धोक्याचीच. सातवी-आठवीच्या मुलांना असमानता शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

समजा, पाणी ८.१ मीटरवर आहे आणि तासाला ०.४ मीटर ओसरतं आहे. (भरतीच्या वेळी नदी इतकी शिस्तीत उतरत नाही, पण गणितापुरतं मानू.) ते धोक्याच्या पातळीखाली कधी जाईल? तासांना ‘त’ म्हणू.

८.१ − ०.४त < ६.५

दोन्ही बाजूंतून ८.१ वजा करू: −०.४त < −१.६. आता −०.४ ने भागायचं, आणि इथेच चिन्ह उलटतं: त > ४.

का उलटतं? उत्तर आपल्याच शब्दात आहे. ऋण म्हणजे कर्ज. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये धन-ऋण संख्यांचे नियम मांडले, तेही धन आणि कर्ज याच शब्दांत. पाच रुपये जवळ असणारा दोन रुपयेवाल्यापेक्षा सधन, पण पाच रुपयांचा कर्जदार दोन रुपयांच्या कर्जदाराहून गरीब. म्हणून २ < ५, पण −२ > −५. ऋण संख्येने गुणलं वा भागलं की सगळा क्रमच फिरतो. < आणि > ही चिन्हं मात्र पुष्कळ नंतरची. इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या पुस्तकात ती १६३१ मध्ये छापली गेली, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

नियम पाठ करायला लावण्याआधी मुलांना दुसरी वाट जरूर दाखवावी. ०.४त उजवीकडे नेलं की १.६ < ०.४त, म्हणजे ४ < त. चिन्ह न उलटता तेच उत्तर येतं.

चिन्ह उलटायला विसरलेला विद्यार्थी त < ४ लिहील. त्याला त च्या जागी ३ घालून पाहायला सांगा: पातळी ६.९ मीटर येते, म्हणजे पाणी अजून धोक्याच्या वरच आहे.