खाली ठेवायला जागाच नाही

कॅमेऱ्याची निगा : लेखांक ९

गेल्या लेखांकात आपण लेन्सला लागणाऱ्या बुरशीपाशी थांबलो होतो. आता पाऊस सरला, दिवाळीची सुट्टी तोंडावर आली. अर्धं पुणं आणि पाऊण मुंबई कोकणात नाही तर गोव्यात उतरायच्या बेतात आहे, तेव्हा या आठवड्यात समुद्र.

किनाऱ्यावर कॅमेऱ्याला दोन धोके, पाणी आणि चोर, असं आपण धरून चालतो आणि दोन्हींसाठी वेगवेगळी खरेदी करतो. एकाला कव्हर, दुसऱ्याला कुलूप. मला हे धोके फारसे वेगळे वाटत नाहीत. बहुतेक वेळा दोन्हींची सुरुवात एकाच क्षणी होते, कॅमेरा हातातून खाली ठेवला जातो तेव्हा. घरात टेबल असतं, गडावर कातळ असतो, देवळाला ओटा असतो. पुळणीवर जी जागा मोकळी दिसते ती दिवसातून दोनदा समुद्राची असते आणि उरलेला वेळ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची. म्हणून ‘कॅमेरा ठेवू कुठे?’ हा प्रश्न वाळूत उभं राहून सोडवायचा नसतो. खोलीतून निघण्याआधीच त्याचं उत्तर ठरलेलं हवं.

आधी भरती. आपल्या किनाऱ्यावर ती दिवसातून दोनदा येते आणि रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. जुन्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. मुंबई-अलिबागकडे हा अंदाज बरा जमतो. दक्षिणेला, मालवण-गोव्याकडे, भरती थोडी आधी येते. फोटो काढणाऱ्यांना यातली एक गोष्ट विशेष कामाची आहे. नवमी ते द्वादशी या दिवसांत सूर्यास्ताच्या वेळी पाणी चढत असतं. शिवाय ते एकसारखं चढत नाही. ओहोटी संपल्यापासूनच्या सहा तासांत तिसऱ्या आणि चौथ्या तासाला निम्मी भरती उरकून जाते. द्वादशीला हे दोन तास नेमके पाच ते सातच्या दरम्यान पडतात, म्हणजे आपण तांबड्या आभाळाकडे तोंड करून बसलेले असतो आणि मागे चपला तरंगायला लागतात.

उधाणाला रत्नागिरी-मालवणकडे पाण्याच्या पातळीत दोनेक मीटरचा फरक पडतो, मुंबईत चार-पाच मीटरचा. दोन मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण पुळण सपाट असेल, ५० मीटर चालल्यावर जेमतेम एक मीटर उतरत असेल, तर त्या दोन मीटरसाठी पाणी १०० मीटर आत येतं. गाडी वाळूवर नेऊन भरतीत अडकवणाऱ्यांची बातमी दर हंगामात वाचायला मिळते, ती याच हिशेबामुळे. मागच्या भरतीची खूण वाळूवर असतेच: काटक्या, शिंपल्या, नारळाची सोडणं आणि हल्ली प्लास्टिकच्या बाटल्या यांची वेडीवाकडी रेघ. बॅग त्या रेघेच्या वर हवी. वाळूत टेकवण्यापेक्षा सुरूच्या फांदीला अडकवलेली बरी, आणि त्याहून बरी कोणाच्या तरी खांद्यावर.

लाट अंगावर येणं हा झाला दिसणारा धोका. माझ्या मते त्याहून जास्त कॅमेरे घरी परतल्यावर, कपाटात पडल्यापडल्या मरतात. कारण मीठ.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना त्या पाण्याचे बारीक तुषार हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर बऱ्याच आतपर्यंत येतात. संध्याकाळी किनाऱ्यावर नुसतं उभं राहिलं तरी चष्म्याच्या काचेवर जो चिकट पापुद्रा बसतो, तोच लेन्सवर, बटणांच्या फटींत, बॅटरीच्या दारावर बसत असतो. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत मिठाला पाणी सुटतं ना, तसंच हे. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की विरघळायला लागतं. समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला तेहतीस-चौतीस टक्के आर्द्रता पुरते. कोकणातली हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे वरून कोरडा दिसणारा कॅमेरा आतल्या फटींमध्ये ओलाच राहतो, आणि ती ओल म्हणजे विजेला वाट करून देणारं खारं पाणी. शेजारी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची बॉडी, पितळेची किंवा पोलादी लेन्स माउंट, तांब्याच्या बारीक वाटा. वेगवेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी असलं की गंज चढायला आणखी काही लागत नाही. त्यात बॅटरी आत राहिली असेल तर काम फारच लवकर उरकतं.

यावर उपाय स्वस्त आहे, फक्त तो त्याच रात्री करावा लागतो. आधी रबरी फुग्याने वाळू उडवायची. फडकं त्याआधी अजिबात लावायचं नाही. वाळूतली गारगोटी काठिण्याच्या मोजपट्टीवर ७ ला असते आणि लेन्सची काच ५-६ च्या आसपास. कोरडं फडकं फिरवणं म्हणजे काचेला पॉलिश पेपर घासणंच. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने बॉडी आणि लेन्सची नळी दोन-तीनदा पुसायची, दर वेळी फडकं खळबळून. लेन्स क्लीनरची बाटली इथे आधी उघडू नका. त्यात बहुधा अल्कोहोल असतं आणि मीठ त्यात विरघळत नाही, नुसतं पसरतं. ट्रायपॉड मात्र सरळ नळाखाली धरावा. पाण्याजवळ उभा करताना सगळ्यात खालचा भाग आधी उघडला तर त्याचा सांधा वाळूपासून वर राहतो. ही साधी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत.

रत्नागिरीच्या मांडवीला जाणाऱ्यांसाठी एक जोड. तिथली वाळू काळी आहे, कारण तिच्यात लोहयुक्त खनिजांचे कण आहेत. त्यातला मॅग्नेटाइट चुंबकाला चिकटतो. हल्लीच्या फोनमध्ये, त्यांच्या कव्हरमध्ये, लेन्सच्या फोकस मोटरमध्ये चुंबक असतात. फोन त्या वाळूत पालथा ठेवा आणि मग तासभर काळी मिशी काढत बसा.

एसीचं एक वाक्य इथेच सांगून टाकतो. दमट दिवसांत २२ अंशांच्या खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर नेला की काचेवर बाष्प धरतं, कधी आतूनसुद्धा. निघण्याआधी अर्धा तास बॅग बंदच एसीबाहेर ठेवली की प्रश्न मिटतो.

आता ‘वॉटरप्रूफ’. आयपी ६७ मधला शेवटचा ७ सांगतो की वस्तू एक मीटर पाण्यात अर्धा तास राहू शकते. ही चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या कोऱ्या वस्तूवर होते. फुटणारी लाट स्थिर नसते आणि दोन वर्षं खिशात राहिलेल्या फोनची रबरं नवी नसतात. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे असा आकडा मिरवणाऱ्या फोनच्या वॉरंटीतही पाण्यामुळे झालेलं नुकसान सहसा धरलेलं नसतं. मोठ्या कॅमेऱ्यांचं ‘वेदर सीलिंग’ तर बहुतेक वेळा कोणत्याही आकड्याविनाच असतं. ओएम सिस्टिमने २०२२ मध्ये ओएम-१ वर आयपी ५३ असा आकडा दिला. त्यातल्या ३ चा अर्थ वरून-बाजूने उडणारे तुषार. बुडवणं त्यात येत नाही. खरोखर पाण्यात उतरून फोटो काढायचे असतील तर त्यासाठीच केलेलं यंत्र घ्यावं: गोप्रोचे हिरो ५ पासूनचे बहुतेक कॅमेरे वेगळ्या पेटीशिवाय १० मीटरपर्यंत चालतात, ऑलिंपसचा टफ टीजी-६ १५ मीटरपर्यंत. त्यांच्याही दाराच्या रबरात एक केस अडकला तरी पाणी आत शिरतं. फोनची पारदर्शक पिशवी घेतली असेल तर पहिल्यांदा तिच्यात नुसता टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून बघा. पाण्याखाली स्क्रीनचा स्पर्श चालत नाही, तेव्हा आवाजाच्या बटणाने फोटो निघतो का, हेही तिथेच पाहून घ्या.

होडीत चढता-उतरताना कॅमेरा गळ्यात नको. राजपुरीहून जंजिऱ्याला जाताना किल्ल्याच्या दारापाशी हलत्या होडीतून पायरीवर पाय टाकावा लागतो. मालवणहून सिंधुदुर्गाला जाताना वाऱ्याच्या दिवशी तुषार अंगावर येतात. दोन्ही ठिकाणी दोन्ही हात मोकळे हवेत. कॅमेरा गुंडाळायच्या तोंडाच्या ड्राय बॅगेत, तोंड निदान तीनदा दुमडून, आणि बॅग पाठीवर. फोटो किल्ल्यात गेल्यावर.

चोरीकडे येऊ. किनाऱ्यावरचा चोर सिनेमातल्यासारखा योजना आखून येत नाही. तो चालत जातो, काय सुटं पडलंय ते बघतो आणि चालतच राहतो. त्याला काय दिसतं याचा विचार केला की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. वाळूवर कपड्यांचा ढीग, शेजारी चार जोडी चपला आणि वर नीट घडी घातलेला टॉवेल दिसला की खाली फोन आणि पाकीट आहे हे त्याला सांगावं लागत नाही. निकॉनचा पिवळ्या अक्षरांचा पट्टा, कंपनीचं नाव मिरवणारी चौकोनी काळी बॅग, या जाहिराती आपण पैसे देऊन विकत घेतलेल्या असतात. साधा पट्टा लावा, कॅमेरा जुन्या सॅकमध्ये कपड्यात गुंडाळून ठेवा. बॅग वाळूत पुरून ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. वाळू दारात आणि झिपमध्ये शिरते, खूण पुसली जाते आणि पुरताना कोणीतरी बघितलेलं असतंच. मला ती निव्वळ खुळेपणाची वाटते.

गाडी हे सुरक्षित ठिकाण आहे, पण अर्धवट. पार्किंगमध्ये पोहोचल्यावर डिकी उघडून, सगळ्यांसमोर कॅमेऱ्याची बॅग आत सारून पाण्याकडे निघालो, तर आपण पत्ता देऊनच गेलो. डिकीत जे ठेवायचं ते मुक्कामावरून निघतानाच ठेवावं आणि किनाऱ्यावर डिकी उघडूच नये. गोव्यात भाड्याने घेतलेल्या स्कूटरच्या सीटखाली तर कॅमेरा कधीच नको. त्या किल्लीच्या प्रती आणखी किती जणांकडे आहेत, आपल्याला माहीत नसतं.

घोळका असला की ‘सगळे आहेत ना’ म्हणून कोणीच लक्ष ठेवत नाही. नाव घेऊन सांगा: आता अर्धा तास काका, मग मी. ज्याची पाळी, त्याने फोनमध्ये डोकं घालायचं नाही. गोव्यात शॅकमध्ये बसून जेवणार असाल तर तिथल्या माणसाला विचारून बॅग आतल्या बाजूला ठेवता येते. फुकट नव्हे, काहीतरी मागवून. जीवरक्षकाकडे मात्र सामान देऊ नका. त्याची नजर पाण्यावर हवी, तुमच्या झूम लेन्सवर नाही.

आणि एकटे असाल तर? तर पोहायचं किंवा फोटो काढायचे, दोन्हींपैकी एक निवडायचं. मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. एक बॉडी, एक लेन्स, अंगावरून न उतरणारी. दुसरी लेन्स मुक्कामाच्या लॉकरमध्ये. वाऱ्यात लेन्स बदलण्याचा मोह त्यामुळेच टळतो. भरलेलं कार्ड कॅमेऱ्याच्या बॅगेत न ठेवता खिशात, बटण लावून.

एवढं करूनही कॅमेरा पाण्यात पडला, तर चालू होतो का हे बघायचं नाही. लगेच बॅटरी काढा. बंद कॅमेऱ्यातही काही भागांना वीज मिळत असते. मग कार्ड काढा, गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. कार्ड बहुतेक वेळा वाचतं. खारं पाणी लागलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. तांदळाच्या डब्याने काही होत नाही. ॲपलनेही फोनच्या बाबतीत तांदूळ वापरू नका असंच सांगितलं आहे, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. मीठ तर कॅमेऱ्यात तसंच राहतं. दुरुस्तीवाल्याकडे त्याच दिवशी पोहोचता आलं तर थोडी आशा, आठवड्याने गेलात तर नाही.

चोरी झाली तर पहिलं काम तक्रार. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाचा एफआयआर नोंदवता येतो. पुण्याला परतल्यावर कळलं, तरी उशीर झालेला नसतो. कागदावर ‘गहाळ’ लिहिलंय की ‘चोरी’, हे सही करण्याआधी वाचा. विमा कंपनीच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोन असेल तर तक्रारीची प्रत जोडून संचार साथीच्या सीईआयआर सेवेवर आयएमईआय क्रमांक बंद करता येतो. कॅमेऱ्याला अशी सोय नाही. त्याचा सीरियल नंबरच काय तो पुरावा. तो बहुधा बॉडीच्या खालच्या बाजूला असतो, लेन्सचा नळीवर. खोकं आणि बिल हरवलं असलं तरी पुष्कळ कॅमेरे तो प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात, तेव्हा जुना मूळ फोटो संगणकावर उघडून तपशील पाहा. सुट्टीला निघण्याआधी दोन्ही नंबरांचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

विम्याचा विषय मोठा आहे. विशेषतः ‘लक्ष न ठेवता सोडलेल्या वस्तू’ या अटीचा, जिच्यावर किनाऱ्यावरचे बरेच दावे अडतात. पॉलिसीतली ती बारीक अक्षरं पुढच्या लेखांकात वाचू.