अंगणवाडी की बालवाडी?
मुंबईतल्या एकाच वस्तीत दोन्ही सापडतात. अंगणवाडी महिला व बालविकास विभागाची. तिची मूळ योजना २ ऑक्टोबर १९७५ची. इथे ३ ते ६ वर्षांच्या मुलांना शिकवण्यासोबत गरम ताजा आहार मिळतो. २०२३पूर्वी निकष रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनांचा होता. वजनाची नोंदही तिथेच, आणि हे काम सेविकाताईंचा बराच वेळ खातं. महापालिकेची बालवाडी बहुधा पालिका शाळेच्या आवारातच भरते, त्यामुळे पहिलीत जाताना मूल बुजत नाही. दोन्ही मोफत. चौकशीला खिचडीच्या वेळी जा: पटावर किती नावं आणि पंगतीला किती मुलं, ते कळतं. आणि हो, नळ मुलांच्या हाताला पोचतो का, तेही बघा.